बायकांच्या तोंडून ग्रीक पुराणं: कोणती पुस्तकं आधी घ्यावीत, कोणती मागं ठेवावीत

होमरच्या इलियडमध्ये, म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय नगराशी केलेल्या युद्धावरच्या प्राचीन महाकाव्यात, २३व्या सर्गात एक कुस्ती आहे. युद्धात पडलेल्या आपल्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या, अंत्यविधीनंतर अकिलीसनं खेळ भरवलेत आणि आखाड्यात उतरलेत थोरला अजॅक्स आणि ओडिसियस. पहिल्या झटापटीत अजॅक्स ओडिसियसला उचलतो, तेवढ्यात ओडिसियस त्याच्या गुडघ्याच्या लवणीत मागून लाथ घालतो. अजॅक्स पाठीवर, ओडिसियस त्याच्या छातीवर. दुसऱ्या वेळी दोघंही शेजारीशेजारी मातीत. तिसऱ्यांदा उठतात तेव्हा अकिलीस मध्ये पडतो, कुस्ती बरोबरीत सोडवतो आणि सांगतो, बक्षीस सारखंच घ्या. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, माणसाला हे वर्णन समजावून सांगावं लागत नाही. बक्षिसं मात्र थांबून वाचावी लागतात. जिंकणाऱ्याला विस्तवावर चढवायचं तीन पायांचं मोठं भांडं, किंमत १२ बैल. हरणाऱ्याला नाना कामांत तरबेज असलेली एक बाई, किंमत ४ बैल. बरोबरी झाल्यावर भांडं आणि बाई यांची सारखी वाटणी कशी केली, हे होमर सांगत नाही. त्या बाईला नावही नाही.

गेल्या वीसेक वर्षांत इंग्रजीत ज्या कादंबऱ्यांची रीघ लागली आहे, त्या अशाच जागांवरून सुरू होतात. पुस्तकं आता इतकी झाली आहेत की कोल्हापुरातल्या एखाद्या वाचनकट्ट्यानं किंवा कॉलेजच्या ग्रंथालयानं यादी करायला घेतली, तर मुखपृष्ठांवरून काहीच ठरत नाही. सगळ्यांवर सोनेरी नक्षी आणि एका बाईचा चेहरा. म्हणून इथं सहा-सात पुस्तकांची पारख दिली आहे. ही पुस्तकं इंग्रजीतून वाचायची आहेत असं धरून, मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला कोणतं किती जड जाईल तेही सांगितलं आहे.

पारखताना तीन गोष्टी बघितल्या. मूळ काव्यातली नेमकी कोणती रिकामी जागा लेखिकेनं धरली आहे? जिथं ती स्वतःचं घालते, तिथं ते मुळाच्या वजनाला पेलतं का? आणि बाईचा आवाज राणीच्या महालात थांबतो की दासींच्या खोलीपर्यंत जातो? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. नायिकेला 'मी' म्हणायला लावलं की काम झालं, असं मानणारी पुस्तकं भराभर जुनी होतात.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी सीतेचा वनवास पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बाजूनं गायला आहे. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७ सालचं. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडं असं बघायला मराठीत त्या पुस्तकानं शिकवलं. त्यातली एक शिस्त इथं मापासारखी वापरता येते. द्रौपदीच्या प्रकरणाच्या शेवटी कर्वे आपल्या कल्पनेतला भाग लिहितात, पण त्याआधी सरळ सांगून टाकतात की इथपर्यंतचं विवेचन महाभारताच्या संशोधित आवृत्तीवरून केलं, यापुढचं माझं आहे. कादंबरीत अशी रेघ मारता येत नाही हे खरं, पण चांगल्या लेखिकेला ती कुठं आहे हे माहीत असतं आणि मूळ वाचलेल्या वाचकाला ती दिसते.

त्यामुळं पहिला खर्च होमरवर करा. सगळं वाचायची गरज नाही. इलियड आणि ओडिसी (युद्धानंतर ओडिसियसच्या घरी परतण्याचं काव्य) दोन्ही २४-२४ सर्गांची आहेत. कामापुरते सात-आठ सर्ग पुरतात. एमिली विल्सन यांचं ओडिसीचं भाषांतर (२०१७) घ्यावं. मुळाइतक्याच ओळी त्यांनी राखल्यात, वाक्यं लहान आहेत, बारावीच्या पुढचा विद्यार्थी अडखळत नाही. एका बाईनं केलेलं आणि इंग्रजीत प्रसिद्ध झालेलं संपूर्ण ओडिसीचं हे पहिलं भाषांतर. इलियडचं त्यांचं भाषांतर २०२३ साली आलं. फुकटात हवं असेल तर सॅम्युएल बटलर यांची जुनी गद्य भाषांतरं इंटरनेटवर मिळतात, पण त्यात एक घोळ आहे: बटलर ग्रीक देवांना रोमन नावं देतात. ओडिसियसचा युलिसिस होतो, अथीनाची मिनर्व्हा, झ्यूसचा जोव्ह. कादंबरीत एक नाव आणि मुळात दुसरं, यामुळं गटातली निम्मी चर्चा कोण कुठला हे लावण्यात जाते. बटलर वापरणार असाल तर आधी आठ-दहा नावांची जोडयादी करून सगळ्यांच्या हातात द्या. (ओडिसी एका बाईनंच रचली असं प्रतिपादन करणारं पुस्तक याच बटलरांनी १८९७ साली लिहिलं होतं. पुरावा कच्चा आहे, पण त्यांना असं का वाटलं हे वाचण्यासारखं आहे.)

सुरुवात मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या 'द पेनेलपिअड'नं (२००५) करावी. दोनशेच्या आत पानं, एका आठवड्यात होतं. त्याआधी ओडिसीचे सर्ग १, १९ आणि २२ वाचून घ्या. पेनेलपी ही ओडिसियसची बायको; तो युद्धावरून परतलेला नसताना तिला मागणी घालायला आलेले पुरुष घरात ठाण मांडून बसलेत. पहिल्या सर्गात तिचा मिसरूड फुटलेला मुलगा टेलेमाकस चारचौघांत आईला सांगतो, वर जा, मागावर बस, बोलणं पुरुषांचं काम. १९व्यात मागाची गोष्ट आहे: मागणीदारांना टाळायला दिवसा सासऱ्यासाठी कफन विणायचं, रात्री उसवायचं, तीन वर्षं हे चालतं, चौथ्या वर्षी दासींमुळं उघडकीला येतं. आणि २२वा सर्ग, ५०१ ओळींचा. मागणी घालायला आलेल्या सगळ्या पुरुषांना मारून झाल्यावर ओडिसियस म्हाताऱ्या दाईला विचारतो, दासींपैकी बेइमान कोण? घरातल्या ५० दासींपैकी १२ जणी ती दाखवते. त्या बाराजणींकडून आधी प्रेतं उचलून घेतात, पाणी आणि स्पंज देऊन टेबलं-खुर्च्या पुसून घेतात, मग अंगणात नेतात. तलवारीनं मारा असं बापानं सांगितलेलं असतं; मुलगा ठरवतो की असं स्वच्छ मरण यांना नको. जहाजाचा दोर बांधून त्यांना एका ओळीत फास देतो. जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा होमर देतो आणि सांगतो की पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही. जुन्या काही इंग्रजी भाषांतरांत टेलेमाकसच्या तोंडी इथं दासींना उद्देशून शिव्या घातल्यात. मुळात तिथं शिवी नाही.

अ‍ॅटवुड यांनी पेनेलपीला मेल्यानंतर पाताळातून बोलायला लावलंय, पण पुस्तकाचा कणा म्हणजे या बारा दासी. पेनेलपीच्या प्रकरणांच्या मध्ये मध्ये त्या कोरस म्हणून येतात आणि दर वेळी नव्या प्रकारात: दोरीवरच्या उड्यांचं गाणं, विलाप, खलाशांचं गाणं, कथागीत, मानववंशशास्त्राचं व्याख्यान, व्हिडिओवर चित्रित केलेला खटला. अ‍ॅटवुड यांची जोड इथं आहे: कफन उसवायला या तरुण दासी पेनेलपीनंच निवडलेल्या असतात, मागणीदारांत मिसळून बातमी आणायलाही तिनंच सांगितलेलं असतं, आणि हे म्हाताऱ्या दाईला ठाऊक नसतं. म्हणजे फाशीची अर्धी जबाबदारी राणीवर येते. पेनेलपी रडते, समर्थनं देते, विषय बदलते, आणि दासी तिच्या कथनाला धक्के देत राहतात. या प्रकारच्या पुस्तकांत नायिकेला असं अडचणीत पकडणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. उणीव सांगायची तर हेलन. पेनेलपीची ही चुलतबहीण इथं नुसती मिरवणारी, ठेचत जाणारी बाई होऊन राहिली आहे. इलियडच्या ३ऱ्या सर्गात हेलन मागावर बसून स्वतःपायी चाललेलं युद्ध कापडात विणते. त्या हेलनचा मागमूस इथं लागत नाही.

गटात वाचायचं असेल तर कोरसचे तुकडे मोठ्यानं मराठीत करून बघा. शब्दाला शब्द ठेवून यमकं जुळवायला गेलं की ते मरतात, कारण त्यांची सगळी ताकद ओळखीच्या चालीत आहे. ऐकणाऱ्याला चाल लहानपणापासून ठाऊक असली पाहिजे, तरच तिच्यावर बसवलेला मजकूर टोचतो. दोरीच्या गाण्याला झिम्मा-फुगडीची लय, विलापाला ओवी, कथागीताला पोवाडा असं वाटून घेता येतं. शाहिरी कानावर पडलेल्या गावात पोवाड्याचा भाग तर सहज उभा राहतो. व्याख्यान मात्र कोरड्या गद्यातच ठेवा. खटल्याला न्यायाधीश, बचावाचा वकील, पेनेलपी आणि दासी असे आवाज लागतात; बाराजणी नसल्या तरी चालतं, पण दासींचं बोलणं एकीनं म्हणू नये, तीन-चार जणींनी एकसुरात म्हणावं. घरगुती वाचनापलीकडं रंगमंचावर न्यायचं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या. पुस्तक स्वामित्वहक्काखाली आहे.

दुसरं पुस्तक पॅट बार्कर यांचं 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८). त्यासाठी इलियडचे सर्ग १, ९, १९ आणि २४. अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन यांचं भांडण ज्या बंदिवान ब्रायसीसवरून पेटतं, ती पहिल्या सर्गात एका तंबूतून दुसऱ्या तंबूत नेली जाते आणि बोलत नाही. ९व्या सर्गात अगामेम्नॉन तडजोडीसाठी काय काय देऊ करतो त्याची यादी आहे: तीन पायांची ७ भांडी, १० टॅलेंट सोनं, २० कढया, १२ घोडे, लेस्बॉसच्या ७ बायका, आणि त्यांच्यासोबत ब्रायसीस परत. यादीतला हा क्रम गटात मोठ्यानं वाचावा. १९व्या सर्गात ती एकदाच बोलते, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी, १४ ओळी. नवरा आणि तिघं भाऊ डोळ्यांदेखत मेले, तेव्हा रडू नको म्हणणारा हा एकटाच होता, असं ती सांगते. त्यानंतर होमर एक वाक्य टाकतो: बाकीच्या बायकाही रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण जी ती आपल्या दुःखासाठी. बार्कर यांची सबंध कादंबरी या एका वाक्यातून निघाली आहे असं म्हटलं तरी चालेल.

ब्रायसीस इथं लिर्नेसस या पडलेल्या नगराची राणी आहे, पण पहिल्या काही पानांतच ती लुटीतली वस्तू होते आणि मग कादंबरी छावणीत शिरते. मागावर बसवलेल्या बायका, जखमींच्या झोपड्या, औषधी वाटणं, कपडे धुणं, रात्री कुणाच्या झोपडीत जायचं याची भीती, कुणाला मूल झालं तर तिची जागा कशी बदलते याचे हिशेब. बार्कर यांनी आयुष्यातला मोठा काळ पहिल्या महायुद्धावर कादंबऱ्या लिहिल्यात आणि त्यांतल्या एकीला १९९५ सालचं बुकर मिळालं. सैनिकांच्या अंगाचा, जखमांचा, झोपमोडीचा तपशील त्यांना पाठ आहे. भाषा सगळ्या पुस्तकांत सोपी हीच, वाक्यं आखूड. अत्याचाराची वर्णनं मात्र थेट आहेत. शाळकरी मुलांच्या हातात देऊ नये, आणि गटात घेण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवावं.

दोन गोष्टी खटकतात. सैनिक आणि बायका आजच्या इंग्लंडच्या बोलीत बोलतात. काहींना त्यामुळं माणसं जवळची वाटतील, पण ऐन शोकाच्या जागी एखादा आजचा वाक्प्रचार आला की कांस्ययुग निसटतं. दुसरी गोष्ट मोठी. दुसऱ्या भागापासून अकिलीसची प्रकरणं सुरू होतात, तृतीयपुरुषी, आणि ती इतकी चांगली लिहिली आहेत की ब्रायसीस मागं पडते. ती स्वतःच शेवटाकडं कबूल करते की ही अजून त्याचीच गोष्ट होती. लेखिकेला हे कळत होतं हे उघड आहे. तरी ज्या पुस्तकानं मुलींचं मौन फोडायचं वचन दिलं, त्यात इतकी पानं त्याला जायला नको होती. पुढचा भाग 'द विमेन ऑफ ट्रॉय' (२०२१) हा दोष टाळतो. ट्रॉय पडलंय, वारा नाही, जहाजं निघत नाहीत, ट्रॉयचा राजा प्रायम याचं प्रेत उघड्यावर पडलंय, आणि विजेते कंटाळलेत. ब्रायसीसचा खरा आवाज तिथं लागतो. तिसरा भाग २०२४ साली आला. पहिले दोन आवडले तरच घ्या.

मॅडलिन मिलर यांची 'सर्सी' (२०१८) सर्वांत जास्त खपलेली आणि वाचायला सर्वांत गोड. ज्या गटात इंग्रजी वाचनाची सवय कमी आहे तिथं तिच्यापासून सुरू करण्याचा मोह होतो. करू नये. तिच्यामागून बार्कर वाचायला घेतलं की ते रुक्ष वाटतं आणि गट गळतो. ओडिसीचा १०वा सर्ग आधी वाचा: सूर्यदेवाची मुलगी, एईआ बेट, माणसांची डुकरं करणारी मात्रा, ओडिसियसचा वर्षभराचा मुक्काम. होमरकडं हे एक थांबण्याचं ठिकाण आहे. मिलर यांनी त्याचं सबंध आयुष्य केलंय, त्यासाठी रोमन कवी ओव्हिडकडून ग्लॉकस आणि सिला यांची गोष्ट घेतलीय, क्रीट बेटावरून कारागीर डेडालस आणि बैलतोंड्या मिनोटॉरचा जन्म घेतलाय. ओडिसियस येतो तोवर पुस्तक निम्मं झालेलं असतं. शेवट 'टेलेगॉनी' या हरवलेल्या महाकाव्यावरून घेतलाय. त्याचा नुसता सारांश उरलाय, त्यामुळं तिथं मिलर मोकळ्या आहेत आणि ते मोकळेपण दिसतं.

या पुस्तकातला अस्सल भाग म्हणजे जादूचं काम. वनस्पती कधी उपटायची, मुळं कशी स्वच्छ करायची, किती वेळ उकळायची, कशात काय विरतं, दहा वेळा फसून अकराव्यांदा का जमतं. मिलर यांच्याकडं जादू हे हातांचं काम आहे, रक्तातून आलेलं वरदान नाही, आणि त्यामुळं सर्सी देवतांच्या दरबारापेक्षा एखाद्या वैदूच्या जास्त जवळची वाटते. पण डुकरांच्या जागी गडबड होते. होमर तिनं माणसांची डुकरं का केली याचं कारण देत नाही. मिलर देतात: जहाजावरून आलेल्या माणसांनी तिच्यावर अत्याचार केलेला असतो. वाचताना राग येतो, पटतंही. मागाहून जाणवतं की या पुस्तकांत हा ठोकळेबाज मार्ग झालाय. नायिकेचं प्रत्येक कठोर कृत्य आधीच्या एका जखमेनं धुऊन काढायचं. नायकाला मात्र असं कारण कुणी मागत नाही. त्यामानानं सिलाची गोष्ट कितीतरी मोठी आहे. मत्सरापोटी सर्सीनं तिला राक्षसीण केलं, तिनं शेकडो खलाशी खाल्ले, आणि तो भार सर्सी शेवटपर्यंत वाहते. तिथं सबब नाही म्हणून ती लक्षात राहते.

आणखी एक. बापांचं न ऐकणाऱ्या अप्सरांना शिक्षा म्हणून सर्सीच्या बेटावर पाठवतात. त्या घरभर फिरतात, खिदळतात, कामाला येतात, सर्सीला त्यांचा वैताग येतो, आणि लेखिकाही त्यांच्याकडं वळून बघत नाही. अ‍ॅटवुड यांना जे दिसलं ते इथं सुटलंय.

नॅटली हेन्स यांचं 'अ थाउजंड शिप्स' (२०१९) पट मोठा घेतं: ट्रॉयच्या युद्धाशी संबंध आलेल्या सगळ्या बायका, एकेक प्रकरण. काळ मागंपुढं उड्या मारतो, नावं भरपूर. कोरा कागद घेऊन तीन रांगा करा, ट्रॉयच्या, ग्रीकांच्या आणि देवता, आणि वाचता वाचता नावं भरा. हे न केल्यास शंभर पानांनंतर ओएनोनी कोण आणि लाओडामिया कोण हे आठवत नाही आणि तिथंच बरेच वाचक पुस्तक ठेवून देतात. समुद्रकाठी वाटणीची वाट बघत बसलेल्या ट्रॉयच्या बंदिवान बायका, म्हणजे हेक्युबा, कॅसँड्रा, अँड्रोमाकी, पॉलिक्सिना यांची प्रकरणं उत्तम, कारण त्यांच्याखाली ग्रीक नाटककार युरिपिडीसची भक्कम जमीन आहे. त्याचं 'ट्रोजन विमेन' हे नाटक इ.स.पू. ४१५ सालचं, घंटा-दीड घंट्यात वाचून होतं, जोडीनं वाचावं. पेनेलपीची पत्रं मात्र लांबतात. नवरा अजून का आला नाही याचे टोमणे आणि त्यातून ओडिसीचा सारांश, असं पुन्हा पुन्हा. अ‍ॅटवुड वाचलेल्यांनी ती पत्रं चाळून पुढं जावं.

याच पुस्तकात एरिस या कलहदेवीचं प्रकरण आहे. अकिलीसचे आईबाप पीलियस आणि थेटिस यांच्या लग्नाला तिला बोलावलं नाही, तिनं मांडवात सोन्याचं सफरचंद टाकलं, तीन देवी त्यावरून भांडल्या, आणि दहा वर्षांचं युद्ध झालं. कोल्हापूरच्या वाचकाला इथं त्र्यंबोली (टेंबलाई) देवी आठवल्याशिवाय राहणार नाही. विजयाच्या आनंदात तिला बोलवायचं राहून गेलं, ती रुसून पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. पण आपल्याकडं अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली, आणि दर ललिता पंचमीला पालखी टेंबलाईला जाते, कोहळा फुटतो. एरिसकडं कुणीच जात नाही. हेन्स निदान एक प्रकरणभर तिच्याजवळ थांबतात. ज्यांना प्रवासात ऐकायला आवडतं त्यांनी या पुस्तकाची ऑडिओ आवृत्ती घ्यावी. लेखिकेनं स्वतः वाचलंय, आणि पानावर ओढूनताणून वाटणारे विनोद तिच्या आवाजात जमतात.

हेन्स यांचंच मेडुसावरचं 'स्टोन ब्लाइंड' (२०२२) मी मागं ठेवीन. समुद्रकाठी दोन राक्षसीण बहिणी मर्त्य धाकटीला वाढवतात ती प्रकरणं मायेनं लिहिलेली आहेत. देवांची चढाओढ आणि तिला मारणाऱ्या पर्सियसची फजिती उथळ उतरली आहे. मेडुसाबद्दल एक गैरसमज मात्र इथंच काढून टाकावा, कारण तो सगळीकडं पसरलाय. पोसायडननं अथीनाच्या मंदिरात मेडुसावर बलात्कार केला आणि अथीनानं तिलाच शिक्षा म्हणून सर्पकेशी केलं, ही 'खरी ग्रीक कथा' म्हणून सांगतात. ती ओव्हिडची आहे, 'मेटामॉर्फोसिस'च्या ४थ्या सर्गातली, इ.स. ८ च्या आसपासची, रोममधली. तिच्याआधी सुमारे सातशे वर्षं ग्रीक कवी हेसिअड सांगतो की मेडुसा जन्मतःच गॉर्गन, म्हणजे राक्षसीण, होती आणि पोसायडन तिच्याजवळ मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांत झोपला. मंदिर नाही, शिक्षा नाही. ओव्हिडची कथा घेऊन कादंबरी लिहायला काहीच हरकत नाही. ती जास्त अन्यायाची आहे म्हणून जास्त जुनी आहे असं सांगणं मात्र चूक.

मिडीयाच्या बाबतीत उलट झालंय. स्वतःची मुलं मारणारी आई ही युरिपिडीसच्या इ.स.पू. ४३१ च्या नाटकामुळं पक्की झाली; इतर जुन्या परंपरेत मुलं कॉरिंथच्या लोकांनी मारली असं येतं. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी १९९६ च्या 'मिडीया'त ती दुसरी परंपरा धरली. सहा आवाज आळीपाळीनं बोलतात, मिडीया परकी आहे, राजवाड्याच्या तळघरातलं एक रहस्य तिला कळलंय, आणि नगर तिच्यावर सगळं ढकलून मोकळं होतं. जड पुस्तक आहे. परिच्छेद लांब, कोण बोलतंय हे प्रकरणाच्या मथळ्यावरूनच कळतं, एका बैठकीत तीसच्या वर पानं झेपत नाहीत. माझं मन अजून युरिपिडीसच्या मिडीयाकडं ओढतं. एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, असं ती सगळ्या अथेन्ससमोर म्हणते, आणि मुलांना मारण्याआधी स्वतःशी वाद घालते, हरते, पुन्हा घालते. तिला निर्दोष ठरवलं की हा वाद जातो. तरी वोल्फ वाचाव्यात, कारण अफवा कशी बनते हे त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी दाखवलेलं नाही.

खरेदीबद्दल. खूप खपणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या चोरट्या छपाया सगळीकडं फिरतात, आणि 'सर्सी'सारख्या पुस्तकाबाबत जास्त सावध राहावं. पान उजेडात धरल्यावर मागचा मजकूर दिसतो का, समासापाशी ओळी कापल्यात का, शाई पानागणिक फिकी-गडद होते का, हे दुकानातच बघा. पानं गाळलेली असतात हा खरा धोका. सलग पानक्रमांक तपासायला दोन मिनिटं लागतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अशा प्रतींचा डिंक सुटतो आणि गटात फिरणारी प्रत महिन्यात सुटी होते. पाच-सहा जणांचा गट असेल तर होमरच्या दोन आणि कादंबऱ्यांच्या प्रत्येकी दोन प्रती पुरतात, कारण सर्ग मोठ्यानं वाचायचे आहेत. बैठकीत आधी मूळ सर्ग, मग कादंबरी. उलट केलं की कादंबरीचं सगळं होमरचंच वाटतं आणि लेखिकेनं काय केलं ते दिसत नाही.

स्वतः मराठीत असं काही लिहू बघणाऱ्यांसाठी शेवटचं पुस्तक, वोल्फ यांचंच 'कॅसँड्रा' (१९८३). अगामेम्नॉनच्या मायसीनी नगराच्या सिंहद्वारापाशी, मरणाच्या तोंडावर, एकाच बाईचं सलग स्वगत. इंग्रजी आवृत्ती घेताना एक बघा: कादंबरीसोबत चार निबंध छापलेली प्रत मागा. ग्रीसचा प्रवास, वाचलेली साधनं, टाकून दिलेले मसुदे, ही बाई बोलेल ती कोणत्या भाषेत, या सगळ्याचा उलगडा त्या निबंधांत आहे, आणि लिहिणाऱ्याला कादंबरीपेक्षा तेच जास्त कामाला येतात. मागवताना 'नॉव्हेल अँड फोर एसेज' ही अक्षरं मुखपृष्ठावर आहेत याची खात्री करून मगच पैसे द्या.